रेशमा व रिकामी जागा

कन्हैयालालशेठनी नवरदेवाशिवाय लग्न लावून देण्याचा पराक्रम आयुष्यात एकदाच केला. तोही मुलींच्या बालगृहात, माइकसमोर, हारतुरे गळ्यात असताना.

शेठचं जळगावात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ फक्त एक लोटा होता, असं शेठ प्रत्येक भाषणात सांगत. त्या लोट्याचंच पुढे दुकान झालं. शेठना भाषणाचा शौक होता, आणि भाषण ऐकायला माणसं बसून राहावीत म्हणून ते दानधर्म करत. निदान त्यांच्या पत्नीचं, हीराबाईंचं, तसं मत होतं. वडिलांच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी बालगृहातल्या मुलींना श्रीखंड-पुरी घालत. ताटं वाढून झाली की शेठ माइक हातात घेत. मुली पुरीकडे बघत, पुरी छताकडे बघे, आणि शेठ लोट्याकडून दुकानाकडे निघत.

त्या वर्षी पुण्यतिथीलाच आणखी एक कार्यक्रम जोडला होता. रेशमा नावाची मुलगी अठरा वर्षांची झाली होती. अठरा पूर्ण झाले की बालगृहात राहता येत नाही. आदल्या दिवशी ती मूल असते, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रौढ, आणि मधल्या रात्रीत तिला मीठ कुठे मिळतं, घरमालकाशी कसं बोलायचं, गॅस संपल्यावर काय करायचं हे सगळं आपोआप कळलेलं असतं, अशी सरकारची श्रद्धा आहे. रेशमाला ठिबकच्या नळ्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं होतं. आता ती खोली घेऊन एकटी राहणार. तिला काय द्यावं? शेठनी जाहीर केलं, “पूर्ण सेट देतो! परातीपासून चमच्यापर्यंत!”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा दुकानात झाला.

दुकानाच्या कोपऱ्यात हिलाल बसत असे. भांड्यावर नाव कोरायचं गुरगुरणारं यंत्र त्याच्या हातात. त्याच्या दुनियेत पूर्ण सेट एकाच प्रसंगी निघतो, तो म्हणजे लग्न. मुलीचं लग्न नसताना कोणी परात, हंडा, डबे, पातेली, सहा ताटं एकदम घेतं, असं त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं शेठना विचारलं, “मुलीचं नाव रेशमा. मुलाचं?”

शेठ फोनवर होते. धुळ्याकडून येणारा मालाचा टेम्पो पारोळ्याजवळ पंक्चर होऊन उभा होता, आणि शेठ इथून त्याचं चाक काढत होते. हिलालकडे न बघता त्यांनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. “नंतर बघू.”

हिलालनं मान हलवली आणि कामाला लागला. शेठ बालगृहात पोचले तेव्हा प्रत्येक भांड्यावर, अगदी साखरेच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा, सुबक अक्षरात कोरलेलं होतं:

चि. सौ. कां. रेशमा व

आणि पुढे रिकामी जागा. मुलाचं नाव लांबलचक निघालं तर पंचाईत नको, म्हणून हिलालनं जागा ऐसपैस सोडली होती.

शेठनी भाषण सुरू केलं. लोटा झाला, आजोबा झाले. मग त्यांनी परात उचलली, डोक्याच्याही वर धरली आणि म्हणाले, “मुलींनो, ही नुसती परात नाही. हे स्वावलंबन आहे!”

पुढच्या ओळीतल्या मुलींनी स्वावलंबन वाचलं. आधी एक खिदळली. मग दोघी. मग मागून कोणीतरी ओरडलं, “रेशमाताई, व कोण?” आणि सगळं बालगृह एका सुरात, “व कोण? व कोण?”

शेठना वाटलं, टाळ्यांच्या ऐवजी हल्ली असंच करतात. त्यांनी परात आणखी उंच धरली.

शेवटी रेशमा उठली. उंचीनं बेताची, आवाजानं अवाढव्य. ती व्यासपीठावर आली, शेठच्या हातून परात घेतली, शांतपणे वाचली आणि माइकमध्ये म्हणाली, “शेठ, पुऱ्या गार झाल्या.”

तिच्या बालपणातलं सगळ्यात जुनं दुःख ते होतं, हे शेठना नंतर कळलं.

*

रेशमाबद्दल शेठना जे काही कळलं ते बालगृहातल्या लताबाईंकडून. लताबाई म्हणजे मुलींच्या मावशी. जेवण, आजारपण, उवा, परीक्षा, रुसवे, सगळं खातं त्यांच्याकडे.

यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी रेशमाचं गाव. आई-बाप केळीच्या बागांत मजुरीला जायचे. ते दोघंही वारल्यावर ती बालगृहात आली तेव्हा इतकी लहान होती की गावाची आठवण म्हणून तिच्याकडे एक बकरी आणि एक चढ एवढंच शिल्लक होतं. तिकडची बोलीही ती विसरली. बाकीचं सगळं ती बालगृहात शिकली. म्हणजे काय, तर नळासमोरच्या रांगेत पुढे सरकायला, पहिलं ताट सगळ्यांच्या आधी संपवून दुसऱ्यांदा वाढून घ्यायला, आणि अंगणाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला नुसत्या आवाजानं माणूस थांबवायला. केक तर तिनं इतके खाल्ले होते की विचारू नका. शहरातल्या मोठ्या माणसांना आपल्या मुलांचे वाढदिवस बालगृहातच साजरे करायचे असत. ती भिंतीवरचा फुगा बघून, आजच्या पाहुण्याचं दुकान कशाचं असेल, ते सांगायची.

एक गोष्ट मात्र तिला कोणी शिकवली नव्हती, ती म्हणजे एकटं जेवणं.

लताबाईंनी तिच्यासाठी खोली शोधली ती बेबाबाईंकडे. नाल्याच्या काठावरची गल्ली. धुळे, दोंडाईचा, शिंदखेड्याकडून कामाला आलेली माणसं तिथं वर्षानुवर्षं राहत होती आणि गल्लीत अजून अहिराणीच चालत होती. बेबाबाई मूळच्या दोंडाईच्याजवळच्या. नवरा गेला, मुलगा सुरतेला, घरातल्या मागच्या खोलीत भाडेकरू. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “पोर कोननी शे?”

पोर कोणाची, याचं खरं उत्तर दिलं की खोली मिळत नाही, हा लताबाईंचा अनुभव. “बालगृहातली” म्हटलं की खोलीत अचानक पाहुणे यायचे असतात, नाहीतर रंगकाम काढायचं असतं. म्हणून लताबाईंनी सांगितलं, “माझी भाची आहे.” देवाला स्मरून नव्हतं सांगितलं, पण सांगितलं.

पहिल्या दिवशी रेशमानं स्वयंपाक केला. हाताला सवय चाळीस जणींची. तिनं अंदाजानं खिचडी टाकली, आणि खिचडी पातेल्यातून उठून बाहेर बघायला लागली. मग दुसऱ्या पातेल्यात, मग हंड्यात. शेवटी गल्लीतल्या मुलांना वाटली, त्यांच्या आयांना वाटली, नाल्यापलीकडच्या एका म्हाताऱ्यालाही पोचली. गल्लीचं मत झालं की मुलगी चांगल्या घरची दिसते, हात सढळ आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं मोजून एक वाटी भात केला आणि ताट वाढून बसली. बसली ती बसलीच. बेबाबाईंनी दारातून विचारलं, “जेवत का नही वं?” तेव्हा रेशमाच्या लक्षात आलं की ती घंटेची वाट बघत होती. बालगृहात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो वाजल्याशिवाय घास तोंडात जात नसे. मग तिनं काय करावं? उलटी परात दाराला टेकवली, पळीनं एक ठोका दिला, आणि जेवली.

तेव्हापासून रोज ठोका. गल्लीतल्या बायका त्यावर कुकर उतरवायला लागल्या.

*

परातीनंच घात केला. उलटी परात दाराला टेकवली की अक्षरं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे. गल्लीतल्या शिकलेल्या सुनेनं ती वाचली आणि बेबाबाईंना अर्थ सांगितला. दुपार कलायच्या आत गल्लीत चार नवरे तयार झाले. एका मतानुसार रेशमाचा नवरदेव अक्षता पडायच्या आत पळाला, म्हणून नाव राहिलं. दुसऱ्या मतानुसार हीच पळाली आणि भांडी घेऊन पळाली. तिसरा नवरा तुरुंगात होता. चौथा फार तापट होता आणि कोणत्याही क्षणी कोयता घेऊन येणार होता.

बेबाबाईंनी त्या चौथ्याचा धसका घेतला. त्या रेशमाला म्हणाल्या, “पोरी, खोली खाली कर. मना दारम्हा लफडं नको.”

खोली गेली तर काय होणार, हे रेशमाला पाठ होतं. बालगृहात परत जाता येत नव्हतं. अठरापुढच्या मुलींसाठी सरकारी वसतिगृह होतं, पण ते दूरच्या शहरात. तिथं गेलं की कारखान्यातलं काम सुटणार. काम सुटलं की पुन्हा कोणाच्या तरी पुण्यतिथीची पुरी. तिनं परात काखेत मारली आणि थेट शेठचं दुकान गाठलं.

लगीनसराई होती. यावलकडचं एक कुटुंब मुलीसाठी हंडे ठोकून बघत होतं, गल्ल्यावर हीराबाई बसल्या होत्या, शेठनी नुकतीच सुपारी तोंडात टाकली होती. रेशमा उंबऱ्यात उभी राहिली आणि अंगणाच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाली, “शेठ, माझा नवरा कुठंय?”

दुकान थांबलं. यावलच्या बाईंनी हंडा हळूच खाली ठेवला. हीराबाईंचा हात गल्ल्यातच राहिला. शेठना सुपारी गिळावी की थुंकावी हे ठरवता येईना, तेव्हा सुपारीनंच निर्णय घेतला आणि ती भलत्या नळीत गेली.

“अगं... बेटा... कोणता नवरा?” शेठ खोकत म्हणाले.

“तेच विचारतेय. तुम्ही जागा ठेवलीय ना त्याच्यासाठी.” तिनं परात गल्ल्यावर आपटली. “याच्यामुळे माझी खोली चाललीय.”

हीराबाईंनी परात वाचली, शेठकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही भांडी विकता की स्थळं?”

शेठनी हिलालला बोलावलं. हिलालनं परात उजेडात धरून बघितली आणि अभिमानानं म्हणाला, “कोरीव चांगलं झालंय.”

“ते घासून काढता येईल का?”

“येईल की. बफ मारला की सगळी ओळ जाईल. नाव-गाव सगळं साफ.”

“नाव नको जायला,” रेशमा म्हणाली.

“अगं, आपण नवीन कोरू!”

“नको. हेच पाहिजे.” तिनं परात आपल्याकडे ओढली. मग भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, “आमच्याकडे सगळ्यावर नंबर असतो. माझा सत्तावीस. ताट सत्तावीस, चादर सत्तावीस, टॉवेल सत्तावीस. मी यायच्या आधीची सत्तावीस नंबरची मुलगी दात घासायची नाही, तिचा मारही मी खाल्लाय. नाव असलेली ही पहिलीच वस्तू आहे. घासायची नाही.”

 यावलच्या बाईंनी पदर नाकाला लावला. शेठचाही गळा भरून आला, आणि गळा भरून आला की त्यांना भाषण सुचत असे. “बेटा, नवीन सेट घे! माझ्याकडून! येत्या रविवारी आपण बालगृहात छोटासा कार्यक्रम करून...”

“नवीन नको,” रेशमा घाईनं म्हणाली. “परत भाषण होईल. तुम्ही फक्त चला आणि त्या बाईंना खरं काय ते सांगा.”

*

शेठ स्कूटरवर पुढे, रेशमा मागे, परात मध्ये. वाटेत शेठनी विचार केला. खरं सांगायला चाललो आहोत हे ठीक, पण नुसतं खरं सांगून व्यापार होत नाही, त्याला थोडी पॉलिश लागते. बेबाबाईंच्या ओट्यावर बसल्यावर, समोर पाण्याचा तांब्या आल्यावर, शेठ म्हणाले, “अक्का, काळजीचं काही कारण नाही. पोरीचं ठरलेलं आहे. मुलगा दुबईला असतो. फार सज्जन.”

रेशमानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. असा पाचवा नवरा तिनंही अपेक्षिला नव्हता.

बेबाबाई खूश झाल्या. “मंग बरं शे! मुलाचे मायबाप कोणत्या गावचे?”

“चोपड्याकडचे,” शेठ म्हणाले.

“चोपड्याम्हा मनी बहीण शे! आडनाव काय?”

शेठनी पाणी प्यायला घेतलं. तांब्या संपला तरी आडनाव आलं नाही.

“दुबईत कोणी नाही,” रेशमा म्हणाली. “चोपड्यातही नाही. हे भांडीवाले शेठ आहेत, यांनी चुकून लग्नाचा सेट दिलाय. मी लता मावशींची भाचीपण नाही. मी बालगृहातली. मला कोणी नाही. भाडं वेळेवर देते, आवाज मोठा आहे, खिचडी जास्त होते. एवढंच आहे.”

बेबाबाईंनी रिकामा तांब्या उचलून आत ठेवला. मग जे सुरू झालं त्यात शेठना अहिराणीतले बरेच नवे शब्द मिळाले. सगळं पोरीवर नव्हतं. एक खोटं त्या लताबाईनं सांगितलं, एक ह्या टोपीवाल्यानं, आणि अख्ख्या प्रकरणात खरं बोललं कोण, तर ही एकटी पोर! बेबाबाईंना बालगृहाचं काही नव्हतं. त्यांना अख्ख्या गल्लीच्या प्रश्नांचं होतं.

“बठ्ठी गल्ली इचारी राहिनी,” त्या म्हणाल्या. “उद्या पोर आजारी पडली, काही बरंवाईट झालं, तर मी कोणाचं दार ठोकू? आखाजीले तिले लेवाले कोन येई, सांगा माले?”

शेठनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. खानदेशात दिवाळीचं एक वेळ विसरेल माणूस, पण आखाजीला लेक आणायला विसरत नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी बापाकडून, भावाकडून मुऱ्हाळी येतो आणि पोरीला माहेरी घेऊन जातो. मग चार दिवस झोके, गाणी, आमरस. ज्या घरात मुऱ्हाळी येत नाही, त्या घराकडे गल्ली कशी बघते, हे ज्याचं त्याला ठाऊक.

बेबाबाईंनी निकाल दिला. आखाजीपर्यंत पोर राहील. कोणीतरी मुऱ्हाळी आला, चारचौघांत तिचं नाव घेऊन दारात उभा राहिला, की ती कोणाची तरी आहे एवढं पुरे, पुढे ती कितीही वर्षं राहो. नाही आला, तर खोली रिकामी.

घरी शेठनी सगळं सांगितलं तेव्हा हीराबाई पोळी उलटत होत्या. “त्यात काय विचार करायचा? तुम्ही जा मुऱ्हाळी होऊन. आयुष्यात एकदा तरी हातात माइक नसताना कोणासाठी उभे राहा.”

*

शेठनी मनापासून ठरवलं. नवं धोतर काढलं, टोपीला इस्त्री केली. हीराबाईंनी साडी, बांगड्या आणि हापूसची पेटी तयार ठेवली. दोन दिवस आधी जायचं होतं.

पण आखाजीच्या आधी भांड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एक दिवस गिऱ्हाईक सुटेना. दुसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा पंक्चर झाला, ह्या वेळी धरणगावजवळ. रेशमाचा फोन आला, “कधी येताय?” शेठनी फोन कानाला लावून, दुसऱ्या कानानं गिऱ्हाईक ऐकत उत्तर दिलं.

“नंतर बघू.”

फोन ठेवल्यावर त्यांना आपणच काय बोललो ते ऐकू आलं. पण समोर सात जावा एकाच डब्यावरून भांडत होत्या.

आखाजीचा दिवस उजाडला आणि कलला. ऊन उतरल्यावर हीराबाईंनी गल्ल्याला स्वतःच कुलूप घातलं, किल्ली पदरात बांधली आणि नुसतं दाराकडे बोट दाखवलं. शेठ आंब्याची पेटी पायात धरून स्कूटरवरून निघाले. वाटेत त्यांना डोळ्यांसमोर रिकामी खोली दिसत होती. कोपऱ्यात भांड्यांचं गाठोडं, गाठोड्यावर बसलेली रेशमा, आणि गाठोड्यातून बाहेर डोकावणारी रिकामी जागा.

बेबाबाईंच्या घराला कुलूप होतं. मागच्या खोलीलाही कुलूप. शेठनी कुलूप ओढून पाहिलं. इतक्यात नाल्याकडून असा आरडाओरडा ऐकू आला की त्यांना वाटलं, तो कोयतेवाला चौथा नवरा अखेर आला.

नाल्याच्या अलीकडे ह्या गल्लीच्या बायका, पलीकडे समोरच्या गल्लीच्या. आखाजीची गौराई पाण्यात बोळवायला दोन्हीकडच्या आल्या होत्या. बोळवून झाली की एकमेकींना शिव्या द्यायच्या, ही गावाकडची चाल त्यांनी शहरात आणून जशीच्या तशी ठेवली होती. त्या दिवशीच्या शिव्यांचा राग धरायचा नसतो, दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या एकाच नळावर भेटतात. पण त्या वेळेपुरता मान मोठा असतो, आणि बेबाबाईंची गल्ली बरीच वर्षं हरत आली होती. समोर एक ठेंगणी म्हातारी होती. तिच्या जिभेपुढे इकडच्या सगळ्या सुना दरवर्षी नाक पुसत परत यायच्या.

ह्या वर्षी मात्र अलीकडच्या काठावर एका दगडावर रेशमा उभी होती. डाव्या हातात परात, उजव्या हातात पळी.

“तुमच्या गल्लीतलं वरण इतकं पातळ,” ती गरजली, “की त्यात वाढणारीचं तोंड दिसतं!” आणि परातीवर ठोका.

पलीकडून म्हातारी म्हणाली, “तुन्या भाकरीले गधडं पन हुंगत नही!”

“गाढव तुमच्याकडेच जेवायला असतं, इकडे कशाला येईल?” ठोका. “पाहुणा आला की तुम्ही पंखा बंद करता! जावई आला की शेवभाजीतली शेव काढून घेता! तुमच्या घरची पुरी इतकी गार असते, इतकी गार असते, की...” इथं तिचा आवाज वर्षानुवर्षांच्या साठ्यातून आला, “की आमरसाला सर्दी होते!”

ठोका. ठोका. ठोका. पळी परातीवर अशी बसत होती की शेठच्या व्यापारी काळजाला घरं पडत होती. पलीकडे म्हातारी तोंड उघडून उभी राहिली. पुढचा शब्द येईना. मग तिला हसू फुटलं, तिच्या गल्लीला फुटलं, आणि अलीकडे बायकांनी रेशमाला दगडावरून उचलून खाली घेतलं. इतक्या वर्षांनी गल्ली जिंकली होती. नळासमोरच्या रांगेत तयार झालेल्या आवाजाचं कोणीतरी पहिल्यांदाच सोनं केलं होतं.

शेठ टोपी सावरत पुढे झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अक्का, मी मुऱ्हाळी आलोय. रेशमाला न्यायला.”

बेबाबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. आखाजीच्या दिवशी, दिवस बुडताना आलेला मुऱ्हाळी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी रेशमाच्या खांद्यावर हात टाकला. “कोठे लई चालनात तिले? हाई आमन्या गल्लीनी आंडेर शे. आमची लेक आखाजीले कोठेच जात नही, अठेच ऱ्हाई!”

“पण अक्का, तुम्हीच म्हणाला होतात...”

“म्हटलं व्हतं. आते नही म्हनस.” आणि बाजूच्या बाईला त्यांनी बजावलं, “मनी चोपड्यानी बहीनले सांग, नवा भाडेकरू शोधू नको, खोली आते भाड्याने देवानी नही. भरेल शे.”

शेठनी पेटी खाली ठेवली. रेशमाचा आवाज बसला होता, केस विस्कटले होते, आणि बायका तिच्या तोंडात एकामागून एक सांजोरीचे तुकडे कोंबत होत्या. तिच्या हातातली परात शेठनी घेतली आणि उजेडाला धरून बघितली. ‘रेशमा’ शाबूत होतं. ‘व’ शाबूत होता. पुढच्या ऐसपैस रिकाम्या जागेत मात्र पळीनं असा खोल पोचा पाडला होता, की तिथं आता कोणाचंही नाव बसणं शक्य नव्हतं. ना दुबईच्या मुलाचं, ना कोयतेवाल्याचं.

“अगं, एवढी जाड परात!” शेठ कळवळले. मग त्यांनी तो पोचा अंगठ्यानं चाचपला, दोनदा चाचपला, आणि त्यांचा गळा भरून आला. गळा भरून आल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. त्यांनी घसा साफ केला. “बेटा, मला उशीर झाला. पण माझे आजोबा राजस्थानातून आले तेव्हा त्यांच्याजवळ फक्त एक लोटा होता, आणि त्यांनाही इथं न्यायला कोणी...”

बायका ऐकायला खाली बसल्या. बेबाबाईंनी पदर सावरला. रेशमानं सांजोरी गिळली.

“...तर सांगायचं एवढंच, की माझं घर ते तुझं माहेर,” शेठनी बऱ्याच वेळानं डोळे पुसत शेवट केला. “उद्या हीराबाई आमरस-पुरी करतेय. येशील ना बेटा?”

रेशमा बसलेल्या आवाजात म्हणाली, “आधी पुऱ्या, मग भाषण, कबूल असेल तर येते.”